परकर जमिनीला टेकायला लागला, तेव्हाच एक्स-रे निघायला हवा होता

आज दुपारी हॉस्पिटलच्या टीपीए डेस्कवर (विम्याच्या क्लेमचं काम चालतं तिथे) ठाण्याच्या नौपाड्यातल्या एक काकू आल्या. वय ७१. हातात विमा कंपनीचं पत्र: क्लेम नामंजूर, एक्सक्लुजन कोड ०४. म्हणजे काय, तर पेशंट मुख्यतः तपासण्यांसाठी दाखल झाला होता. काकूंचा डी-१२, म्हणजे पाठीचा शेवटचा मणका पुढून चेपलाय, पुढच्या बाजूची उंची जेमतेम निम्मी उरलीय. भिजवलेल्या कपड्यांची बादली उचलली, एवढंच निमित्त. तीन दिवस कुशीवर वळता येत नव्हतं. आणि पत्र म्हणतं, तुम्ही तपासायला आला होतात! संताप झालाय, म्हणून लिहितेय.

बोलता बोलता काकू म्हणाल्या, "दीड वर्षापूर्वीच सगळे परकर जमिनीला टेकायला लागले गं, गोखले रोडच्या टेलरकडून दीड-दोन इंच आखूड करून घेतले." मी गप्प झाले. दीड-दोन इंच म्हणजे सुमारे ४ ते ५ सेंमी. तरुणपणापेक्षा उंची ४ सेंमीने कमी झाली की मणक्याचा फोटो काढायचा, हे ऑस्टिओपोरोसिसचं (हाडं ठिसूळ होण्याच्या आजाराचं) नेहमीचं शहाणपण आहे. नोंदवलेल्या उंचीत २ सेंमीचा फरक आला तरी काढायचा. टेलरला कळलं, बाकी कुणालाच नाही.

हे फ्रॅक्चर असंच असतं. पडायला लागत नाही, सूज नाही, प्लास्टर नाही. तीनातली दोन तर सापडतच नाहीत, "कंबर धरली", "वय झालं" यातच जातात. आणि साध्या एक्स-रेनेही हुकतात, कारण चिठ्ठीवर नुसतं 'एलएस स्पाइन', म्हणजे फक्त कंबर, लिहिलेलं असतं. मणके जास्त करून दोन जागी दबतात: पाठीच्या मध्यावर डी-७, डी-८ च्या आसपास आणि पाठ-कंबर जुळते तिथे डी-१२, एल-१ जवळ. कमरेच्या फिल्ममध्ये डी-७ येतच नाही, डी-१२ कडेला कसाबसा दिसतो. म्हणून डॉर्सल (पाठ) आणि लंबर (कंबर) दोन्ही हवेत, आणि साइड व्ह्यू हवाच. समोरून काढलेल्या फोटोत चेपलेला मणका सहज निसटतो. रिपोर्टमध्ये 'वयोमानानुसार बदल' किंवा 'किंचित वेजिंग' (मणका पाचरीसारखा दिसणं) एवढंच असेल तर रेडिओलॉजिस्टना स्पष्ट विचारा, फ्रॅक्चर आहे की नाही, आणि ग्रेड कुठली. मणक्याची उंची २० ते २५ टक्के कमी म्हणजे पहिली, २५ ते ४० दुसरी, त्याच्या वर तिसरी. काकूंची तिसरी.

डेक्सा (हाडांची घनता मोजायची तपासणी) नॉर्मल आला म्हणून निश्चिंत होणारेही खूप. दबलेल्या मणक्यात तेवढंच कॅल्शियम कमी जागेत मावतं, त्यामुळे आकडा उलट चांगला दिसतो. कमरेतली वाढलेली हाडं, महाधमनीत साचलेलं कॅल्शियम, तेही आकडा फुगवतं. म्हणून खुब्याचा टी-स्कोर (तरुण हाडाशी तुलना करून आलेला घनतेचा आकडा) बघायचा. डेक्साला कमरेचे एल-१ ते एल-४ एवढेच मणके मोजतात, काकूंचा डी-१२ त्यात येतच नाही! पुष्कळशा डेक्सा मशीनवर त्याच टेबलावर बाजूने डी-४ पासून एल-४ पर्यंतचा फोटो काढता येतो, 'व्हीएफए' म्हणतात त्याला. काही मिनिटांचं काम, किरणोत्सर्ग एक्स-रेपेक्षा बराच कमी. पण चिठ्ठीवर लिहिल्याशिवाय कोणी काढत नाही. आणि सोसायटीच्या हॉलमध्ये फुकट शिबिरात टाच मोजून देतात ना, त्यात मणक्याचं फ्रॅक्चर दिसत नाही. अजिबात नाही.

आता विम्याचं. मेडिक्लेम बहुतेक वेळा चालू होतो २४ तास दाखल झाल्यावर. ओपीडीत काढलेला एक्स-रे, डेक्सा, एमआरआय सगळं स्वतःच्या खिशातून. दाखल झालात तर त्याच आजारासाठी आधीच्या ठरावीक दिवसांतल्या तपासण्या मिळतात, आरोग्य संजीवनी या प्रमाणित पॉलिसीत ३० दिवसांतल्या. एकतिसाव्या दिवशीची पावती घरीच ठेवा. ७० आणि त्यापुढच्यांचं आयुष्मान भारतचं वय वंदना कार्ड चांगलंच आहे, पण तेही दाखल झाल्यावर, आणि आधीचे दिवस फक्त ३. शिवाय पॉलिसी नवी असेल तर ऑस्टिओपोरोसिस बहुतेक वेळा वेटिंग पीरियडच्या (ज्या काळात त्या आजाराचा क्लेम मिळत नाही) यादीत असतोच. एप्रिल २०२४ पासून तो पीरियड जास्तीत जास्त ३६ महिने केलाय, आधी ४८ होता.

आणि याच काकूंचा उद्या खुबा मोडला, तर ऑपरेशनचे लाखो रुपये हीच कंपनी देईल. काही शे रुपयांच्या साइड व्ह्यूला पैसे नाहीत! एक मणका दबलेल्या पाच बायकांमध्ये एकीचा वर्षाच्या आत दुसरा दबतो. तो धोका कमी करायला औषधं आहेत. झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडचं ५ मिलीग्रॅमचं सलाइन वर्षातून एकदाच लावतात. पण फ्रॅक्चर दिसलंच नाही तर ते सुरू कोण करणार? मणक्याचं असं फ्रॅक्चर सापडलं की टी-स्कोर काहीही असो, तो ऑस्टिओपोरोसिसच धरतात. म्हणजे हा एक फोटो अख्खा इलाज बदलतो.

कोणी म्हणेल, ओपीडीला विम्याचे पैसे दिले की खोटी बिलं येतील, प्रीमियम वाढेल. बरं, मान्य. मग अट घाला ना: साठीच्या पुढे, उंची ४ सेंमीने कमी, एकदाच साइड व्ह्यू. अमेरिकेत मेडिकेअर हा सरकारी विमा पात्र लोकांना दर २४ महिन्यांनी बोन डेन्सिटीचे पैसे देतं. आपल्याकडे त्यासाठी म्हातारीला खोटंखोटं 'अ‍ॅडमिट' व्हायचा सल्ला मिळतो, आणि तोच क्लेम कोड ०४ मध्ये अडकतो. राग याचा जास्त येतो.

तुमच्या घरात आई, सासूबाई, आत्या असतील तर आज एवढं बघा. भिंतीला टाचा आणि पाठ टेकवून उभं करा, डोक्याची मागची बाजू टेकते का? कमरेच्या हाडात आणि शेवटच्या बरगडीत दोन बोटांहून जास्त जागा आहे का? नसेल तर डॉक्टरांना सांगा. पोटाचा किंवा छातीचा जुना सीटी असेल तर त्याच्या सीडीतून बाजूचे काप परत बघायला सांगा, नवीन स्कॅन लागत नाही. आयकराच्या जुन्या कररचनेत असाल तर आरोग्य विम्याच्या वजावटीत प्रतिबंधात्मक तपासणीचे ५,००० रुपयांपर्यंत धरता येतात, रोखीने भरले तरी.

काकूंची फाइल मी परत वाचली. डिस्चार्ज समरीत 'पाठदुखीच्या तपासणीसाठी दाखल' हे एक वाक्य आहे, त्यावरच पत्र निघालंय. पण नर्सिंग चार्टवर तीन दिवस शिरेतून वेदनाशामक इंजेक्शनं आहेत, टेलर ब्रेस (पाठीला आधार देणारा पट्टा) बसवल्याची नोंद आहे, एमआरआयच्या स्टर सिक्वेन्समध्ये (हाडातली सूज दाखवणाऱ्या फोटोंत) मणक्याला ताजी सूज आहे. हा उपचार नाही तर काय? डॉक्टरांना चार्ट दाखवून खऱ्या उपचारांचं पत्र मागायचं, आधी कंपनीच्या तक्रार विभागात द्यायचं. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे, वर्षाच्या आत. तिथे फी नाही.

काकू सोमवारी अकराला येणार आहेत. येताना आखूड केलेला एक परकरही आणणार आहेत. "डॉक्टरांना दाखवू का गं?" म्हणत होत्या. म्हटलं, आणा.