सामुराई बंदुकीला शिवत नसत म्हणे!

‘खरा सामुराई बंदुकीला शिवतही नसे.’ वर तलवारीचं चित्र, खाली हात जोडलेले इमोजी, आणि शेवटी ‘दहा जणांना पाठवा’. ताईने हे फॅमिली ग्रुपवर टाकलं, भाच्याने वाचलं आणि आम्ही टेबलावर बाहुल्या मांडून खेळतो त्या नागाशिनोच्या जपानी लढाईसाठी रंगवायला काढलेले सगळे बंदूकवाले बाहुले त्याने मुकाट्याने खोक्यात परत भरले. वर मलाच ऐकवलं, ‘मामा, हे चीटिंग करून जिंकले होते.’ प्लायवर खराट्याच्या काड्यांचं लांबलचक कुंपण उभं आहे आणि त्यामागे एक माणूस नाही. म्हणून हे लिहितोय.

ज्यांच्यापर्यंत ते पोचलं नसेल त्यांच्यासाठी मजकूर थोडक्यात. सामुराई बंदुकीला भ्याडाचं हत्यार मानत. बुशिदोत, म्हणजे सामुराईंच्या आचारसंहितेत, तशी लेखी बंदी होती. कटाना, म्हणजे सामुराईची तलवार, बंदुकीची नळी काकडीसारखी चिरायची. 1575 साली नागाशिनोला ओदा नोबुनागा या बड्या सरदाराने 3000 ‘शेतकऱ्यांच्या पोरांच्या’ हाती बंदुका दिल्या, तीन रांगांत आळीपाळीने गोळ्या झाडल्या आणि त्याच्या शत्रूंचं, ताकेदा घराण्याचं, शूर घोडदळ गारद केलं. त्याची लाज वाटून जपानने अडीचशे वर्षं बंदूकच टाकून दिली. आणि शेपटीला, ‘आपले मावळेही असेच, फक्त तलवारीच्या जोरावर लढले.’

पहिला मुद्दा, शिवत नसत. 1543 साली पोर्तुगीज लोक तानेगाशिमा बेटावर उतरले. तिथल्या तरुण सरदाराने, तोकिताकाने, त्यांच्याकडून दोन तोड्याच्या बंदुका विकत घेतल्या आणि लगेच आपल्या लोहाराला तशाच घडवायला बसवलं. नाक मुरडलं नाही, पैसे मोजले. थोड्याच वर्षांत साकाई, कुनितोमो, नेगोरो इथे बंदुकांचे कारखाने चालू झाले. आणि फॉरवर्डमध्ये ज्यांच्यासाठी अश्रू ढाळलेत ते ताकेदा? नागाशिनोला त्यांची फौज घेऊन आलेल्या कात्सुयोरीचा बाप शिंगेन याने 1555 सालीच, म्हणजे नागाशिनोच्या वीस वर्षं आधी, आसाहियामा किल्ल्याच्या मदतीला 300 बंदुका धाडल्या होत्या. नागाशिनोला ताकेदांच्या फौजेतही बंदूकवाले होतेच. दारू-गोळी मिळवण्यात मात्र ते कमी पडत. साकाईसारखं बंदर नोबुनागाच्या हातात, ताकेदांचा मुलूख डोंगराळ. फरक बाजारपेठेचा होता, बाण्याचा नव्हता.

खुद्द नोबुनागाला 1576 साली होंगानजी या बौद्ध मठाच्या लोकांशी लढताना पायात गोळी लागली. इइ नाओमासा हा तोकुगावांचा, म्हणजे नोबुनागाच्या दोस्त घराण्याचा, पहिल्या फळीतला सरदार, लाल चिलखतवाला. सेकिगाहाराच्या लढाईत 1600 साली शत्रूकडच्या शिमाझू घराण्याच्या बंदूकवाल्याने त्याला टिपलं आणि त्या जखमेतून तो पुरता उठलाच नाही, 1602 मध्ये गेला. ही सगळी मंडळी खोटे सामुराई समजायची का? मग खरा उरला कोण?

आता ज्या शब्दांनी माझं डोकं फिरलं ते, ‘शेतकऱ्यांची पोरं’. बंदूक चालवायची म्हणून भ्याड, आणि शेतकऱ्याची पोरं म्हणून दुप्पट भ्याड, असा सूर आहे त्यात. हे लोक म्हणजे आशिगारू, पायदळातले साधे शिपाई. पेटता तोडा एका हातात, कमरेला दारू, समोरून ढोल बडवत माणसं चालून येतायत, आणि आपल्या नायकाचा हुकूम होईपर्यंत चाप ओढायचा नाही. एकदा बार काढला की पुन्हा ठासून तयार व्हायला वीस-तीस सेकंद तरी लागतात. तेवढा वेळ जागेवर उभं राहायचं. याला भ्याडपणा म्हणणाऱ्याने कधी लवंगी फटाक्याचीही वात हातात धरलेली नसावी.

आणि याच नागाशिनोची एक गोष्ट जपानात पोराटोरांना माहीत असते. तोकुगावांच्या किल्ल्याला ताकेदांचा वेढा पडलेला, दाणागोटा संपत आलेला. तोरिई सुनेएमोन नावाचा आशिगारू रात्री नदीतून निसटला, तोकुगावांच्या ओकाझाकीला जाऊन त्याने मदत मागितली, आणि ‘मदत येतेय’ हे आतल्या लोकांना कळवायला उलट पावली परत निघाला. ताकेदांनी धरलं. त्याला सांगितलं, किल्ल्यासमोर ओरड की कोणी येत नाही, तुला जीवदान देतो. तो ओरडला, मदत येतेय, थोडा दम धरा! त्याला तिथेच क्रूसावर मारला. त्याच्याकडे ना जहागीर होती, ना नामांकित तलवार. आमच्या खेळात त्याचा स्वतंत्र डाव आहे: बाहुला एकच, नदी पार करायची, पहारेकऱ्यांचे फासे चुकवायचे. भाच्याला आजवरचा सगळ्यात आवडलेला डाव तोच. पण ‘शेतकऱ्यांची पोरं’ वाचून टाळ्या वाजवताना हे त्याच्याही लक्षात आलं नाही.

3000 बंदुका आणि तीन रांगा. इथे जरा थांबावं लागेल, कारण हे फक्त फॉरवर्डवाल्यांचं पाप नाही. पुस्तकांत, चित्रपटांत, खेळांच्या नियमपुस्तिकांतसुद्धा हेच आहे. मूळ पाहायचं तर ओता ग्युइचीकडे जावं लागतं. हा नोबुनागाच्या पदरचा धनुर्धर; त्याने धन्याचं चरित्र लिहिलं, ‘शिंचो कोकी’. त्याचं चांगलं इंग्रजी भाषांतरही आहे. त्यात पाच नायकांच्या हाताखाली बंदुका दिल्या म्हटलंय आणि आकडा सुमारे एक हजार. ओताच्या हातच्या एका प्रतीत हजाराच्या बाजूला बारीक ‘तीन’ घातलेलं दिसतं, त्यावरून अभ्यासक अजून भांडतायत. शिवाय पिछाडीवर हल्ला करायला गेलेल्या तुकडीबरोबर वेगळ्या 500. पण तीन रांगा? आळीपाळीचा गोळीबार? ओताच्या लिखाणात त्याचा पत्ता नाही. ते घातलं ओझे होआनने, लढाईनंतर एका पिढीने, एदो काळाच्या, म्हणजे तोकुगावांच्या राजवटीच्या, सुरुवातीला, चरित्र रंगवून लिहिताना. ओता सांगतो ते असं: एकामागून एक पाच तुकड्या चालून आल्या. पहिली यामागाता मासाकागेची, ढोल वाजवत. गोळ्या बसल्या, मागे हटली. मग दुसरी, मग तिसरी. सूर्योदयापासून दुपारी दोनच्या सुमारापर्यंत हे चाललं. एका तडाख्यात घोडदळ कापलं गेलं असतं तर एवढे तास कशाला लागले असते?

शिवाय नोबुनागाच्या बंदूकवाल्यांपुढचं कुंपण आणि त्याच्या पुढचा ओढाही विसरू नका. आमचं मैदान आम्ही दिवाळीच्या किल्ल्याच्या उरलेल्या मालातून केलंय, त्यामुळे ही भूगोलाची बाजू मला जरा जास्तच दिसते. रेंगो ओढा अगदी किरकोळ आहे. भिंतीच्या पुट्टीत बोटाने ओढलेली चर, वर फेविकॉलचे पातळ हात. पण त्याच्या दोन्ही काठांना भातखाचरं. ती वाळवलेल्या चहाच्या चोथ्याची केली, बांध थर्माकोलच्या पट्ट्यांचे. लढाई झाली 28 जूनला, म्हणजे तिकडच्या पावसाच्या दिवसांत. चिखलातून घोडा, पुढे ओढा, पुढे चढ, त्याच्यावर कुंपण. शितारागाहाराला, लढाईच्या मैदानावर, त्या कुंपणाचा काही भाग आज पुन्हा उभारलेला आहे. आम्ही नियम केला की खाचरात घोड्याची चाल निम्मी. मग बंदुकीचे फासे पाडायच्या आधीच ताकेदांचा जोर अर्धा ओसरतो. खेळून बघा.

घोड्यांचंही तसंच. बाजारात मिळणारे सामुराई घोडे मी पट्टीने मोजले. खांद्यापाशी 30 मिलिमीटर. आमचे बाहुले 28 मिलिमीटरचे, म्हणजे साधारण 1:56, तेव्हा तो घोडा खरा असता तर 168 सेंटिमीटर. जपानचा जुना किसो जातीचा घोडा 130 ते 135 सेंटिमीटर भरतो, म्हणजे पट्टीवर 24 मिलिमीटर. आपल्या शर्यतीच्या घोड्याच्या शेजारी तो तट्टूच दिसेल. त्यात लुईस फ्रॉइश हा जपानात वर्षानुवर्षं राहिलेला पोर्तुगीज जेझुइट 1585 साली लिहून गेलाय की आम्ही घोड्यावरून लढतो, जपानी मात्र लढायची वेळ आली की खाली उतरतात. वाऱ्यासारखं उधळणारं घोडदळ त्या फॉरवर्डच्या बाहेर कुठे नव्हतं.

कटानाने नळी चिरणं. यावर काय बोलायचं? अशा दंतकथा जपानातही नामांकित तलवारींच्या नावाने सांगतात, आणि दंतकथा म्हणून त्या झकास आहेत. पण लढाईत तलवार हे दुसरं हत्यार. आधी धनुष्य, भाला, पुढे बंदूक. चौदाव्या शतकातल्या जखमांच्या नोंदी उपलब्ध आहेत, त्यात सगळ्यात जास्त जखमा बाणांच्या.

बुशिदोतली लेखी बंदी? कोणत्या पानावर? जगभर गाजलेलं ‘बुशिदो’ हे पुस्तक इनाझो नितोबे यांनी लिहिलं, 1900 साली, तेही इंग्रजीत. नोबुनागाला ते वाचायला सव्वातीनशे वर्षं थांबावं लागलं असतं.

अडीचशे वर्षं बंदूक टाकली, यात थोडं तथ्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. नोबुनागानंतर सत्तेवर आलेल्या हिदेयोशीने 1588 साली शेतकऱ्यांची हत्यारं काढून घेतली, आणि पुढे तोकुगावांच्या शांततेत बंदुकीत फारशी सुधारणा झाली नाही. पण ती नाहीशी झाली नाही. सरदारांच्या कोठारांत होतीच, आणि खेड्यांत रानडुकरं हाकायलाही वापरत. आणखी एक कबुली: 1876 साली कुमामोतोत शिनपूरेन नावाच्या गटाने परदेशी बंदुका नाकारून तलवारी-भाल्यांनिशी सरकारी छावणीवर हल्ला केला. म्हणजे फॉरवर्डमधला सामुराई अगदीच काल्पनिक नाही. तो नागाशिनोनंतर तीनशे एक वर्षांनी जन्मला आणि एका रात्रीत चिरडला गेला. पुढच्याच वर्षी सात्सुमा प्रांताचे बंडखोर सामुराई उठले ते रायफली घेऊन.

राहिले मावळे. जपानची गोष्ट सांगताना त्यांना ओढायचं कारण नव्हतं, पण ओढलंच आहे तर विचारतो. पावनखिंडीची गोष्ट आपण शाळेपासून ऐकतोय. बाजीप्रभू त्या खिंडीत कशाची वाट बघत होते? विशाळगडावरच्या तोफांच्या आवाजाची! आणि किल्ल्यावरचा दारूखाना राहत्या घरांपासून लांब असावा, अशी ताकीद रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आहे. मावळे फक्त तलवारीवर लढत होते तर ती दारू किल्ल्यावर कशाला भरून ठेवली होती, तेवढं फॉरवर्ड लिहिणाऱ्याने पुढच्या दहा जणांना पाठवण्याआधी सांगावं.