चौकोन दिसला म्हणून फोन हॅक होत नाही

पंचवटीतल्या मावशीचा परवा रात्री घाबराघुबरा फोन आला. नातवाच्या एसएमएसच्या शेवटी रिकामा चौकोन दिसत होता आणि सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज फिरत होता: "चौकोन दिसला की फोन हॅक झाला समजा. त्यात छुपा मजकूर असतो. ज्या ॲपमध्ये दिसला ते काढून टाका. खालच्या लिंकवरून फॉन्ट घ्या."

आधी त्या लिंकचं बोलू. लिंकवर फॉन्ट, म्हणजे अक्षरांच्या आकृत्यांचा संच, नव्हताच; एपीके, म्हणजे अँड्रॉइडवर ॲप टाकायची फाइल होती. मावशीने ती टाकलीही. उघडल्यावर पहिला प्रश्न आला, "एसएमएस वाचायची परवानगी द्यायची का?" तिथे ती थबकली आणि मला फोन केला, म्हणून वाचली. अक्षरं दाखवायला मेसेज कशाला वाचावे लागतात? बँकेचा ओटीपी तिथेच येतो, आणि तिची पेन्शन त्याच खात्यात जमा होते. हा मेसेज पुढे ढकलणाऱ्यांनी एवढा तरी विचार करायचा होता!

आता चौकोनाचं. निवडलेल्या फॉन्टमध्ये एखादं चिन्ह नसलं की ॲप फोनमधले दुसरे फॉन्ट धुंडाळतं. इंग्रजी फॉन्टमध्ये देवनागरी नसली तरी मराठी मेसेज वाचता येतो, तो याच उसनवारीवर. कुठेच काही सापडलं नाही, तर चौकोन. ओपनटाइप या फॉन्टच्या मानकातच 'आकृती नाही' हे दाखवायला शून्य क्रमांकाची जागा राखून ठेवली आहे. एका फॉन्टमध्ये फार तर ६५,५३५ आकृत्या मावतात आणि युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या मानकात, चिन्हं आहेत दीड लाखाच्या वर. सगळं एका फॉन्टमध्ये येणारच नाही.

नातवाने थरथरणाऱ्या चेहऱ्याचा इमोजी पाठवला होता. तो युनिकोडमध्ये आला २०२२ साली. मावशीचा फोन २०१९चा, अपडेट कधीच थांबलेले. तोच चेहरा तिच्या व्हॉट्सॲपवर नीट दिसला, कारण अँड्रॉइडवर ते ॲप इमोजींची स्वतःची चित्रं वापरतं. ॲप काढून काय साधणार होतं? छुपा मजकूरही नाही. तो एसएमएस तिने माझ्याकडे पाठवला, माझ्या फोनवर चेहरा दिसला.

एक मान्य करतो. फेब्रुवारी २०१८मध्ये एका तेलुगू जोडाक्षरामुळे आयफोनवरची ॲप्स बंद पडत होती. पण ती अक्षर मांडण्यातली चूक होती, हॅकिंग नव्हे, आणि ॲपलने त्याच महिन्यात ती दुरुस्त केली.

काल मावशीकडे जाऊन लिंकवरून टाकलेलं ते ॲप काढलं, डाउनलोडमधली फाइल पुसली, अनोळखी ठिकाणची ॲप्स टाकायची परवानगी बंद केली. तुमच्या घरी कुणी ती लिंक उघडली असेल, तर आजच एवढं करा.