‘परदेशी साइटवर रुपयातच पैसे भरा’ सांगणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

डिसेंबर 2025 मध्ये डॉलर नव्वद रुपयांच्या पुढे गेला आणि ‘बँका तुम्हाला हे कधीच सांगणार नाहीत’ अशा मथळ्याचा मेसेज ग्रुपाग्रुपांतून फिरू लागला. सहा मुद्दे, प्रत्येकापुढे हिरवी खूण, शेवटी ‘दहा जणांना पाठवा’. तो आता मावशीपर्यंत पोचला आहे आणि तिचा प्रश्न आला आहे, “मग मी रुपयात भरते हं?” नाही मावशी, थांब जरा.

मेसेज थोडक्यात असा. परदेशी साइटवर कायम ‘भारतीय रुपये’ निवडा, बँकेची साडेतीन टक्के फी वाचते आणि दर लॉक होतो. रुपया पडतोय, तेव्हा परदेशी वस्तू आत्ताच घेऊन ठेवा. गूगलवर दिसतो तोच खरा दर, बँकेने जास्त लावला तर तक्रार करा, फरक परत मिळतो. वस्तू परत केली तर घसरलेल्या रुपयामुळे जास्त पैसे येतात. पाच हजारांपर्यंत कस्टम नाही, विक्रेत्याला पार्सलवर ‘गिफ्ट’ लिहायला सांगा. कार्डाचं इंटरनॅशनल बटण (परदेशी वापर चालू-बंद करायचं) कायम चालू ठेवा, दर उतरला की झटकन घेता येतं.

रुपयात भरा, फी वाचते

सगळ्यात जास्त पैसे इथेच जातात, म्हणून सगळ्यात जास्त वेळही इथेच.

डॉलरमधली किंमत रुपयात कुणीतरी बदलणारच. डॉलर निवडलेत तर व्हिसा किंवा मास्टरकार्ड ती आपल्या दराने बदलतं आणि त्यावर तुमची बँक मार्कअप, म्हणजे टक्केवारीतली आपली फी, लावते. रुपये निवडलेत तर दुकान किंवा त्याची पेमेंट कंपनी बदलते, स्वतःच्या दराने. याला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन, डीसीसी म्हणतात. त्या दरात त्यांचा नफा आधीच कालवलेला असतो, त्यामुळे बिलावर फीची वेगळी ओळ येत नाही. ओळ दिसली नाही म्हणजे फी वाचली, एवढ्यावर या मेसेजचा पहिला मुद्दा उभा आहे.

हिशोबच मांडू. वस्तू 150 डॉलरची, नेटवर्कचा, म्हणजे व्हिसा-मास्टरकार्डचा, दर सोयीसाठी 90 धरू. मूळ रक्कम 13,500 रुपये. साडेतीन टक्के मार्कअपचं सर्वसाधारण कार्ड असेल तर 472.50 रुपये मार्कअप, आणि त्या मार्कअपवर 18 टक्के जीएसटी म्हणजे 85.05. एकूण 14,057 रुपये आणि वर थोडे पैसे. म्हणजे खरा बोजा साडेतीन नाही, 4.13 टक्के. हा जीएसटीही मेसेजवाल्याला माहीत नाही.

आता त्याच वस्तूला रुपये निवडले. दुकानाने दरात पाच टक्के घेतले, तर दर पडला 94.50 आणि बिल झालं 14,175. गोष्ट इथे संपत नाही. दुकान परदेशात नोंदलेलं आहे हे बँकेला व्यवहाराच्या माहितीतून कळतंच, चलन रुपया असला तरी. अशा व्यवहारांवर आपल्याकडच्या पुष्कळ बँका साधारण एक टक्का शुल्क आणि त्यावर जीएसटी घेतात. आणखी 167 रुपये गेले. एकूण 14,342. फी ‘वाचवून’ 285 रुपये जास्त भरले. तुमचं कार्ड दोन टक्के मार्कअपचं असेल तर हाच फरक 524 वर जातो. शून्य मार्कअपचं कार्ड बाळगून जो रुपये निवडतो त्याला तर हात जोडावेत.

तरीही एक गोष्ट नाइलाजाने मान्य करावी लागेल: ‘कायम डॉलरच’ हेही आंधळेपणाने म्हणता येत नाही. वरच्या उदाहरणात, साडेतीन टक्क्यांच्या कार्डावर, दुकानाचा दर 92.62 पर्यंत असेल तर बँकेचा एक टक्का धरूनही रुपयेच स्वस्त पडतात. असे दुकानदार असतात. पण ते तपासून कळतं, हिरव्या खुणेवरून नाही.

तपासायला दोन मिनिटं लागतात. पैसे भरायच्या शेवटच्या पानावर बहुतेक वेळा दोन चौकटी असतात, एक रुपयाची आणि एक डॉलरची, आणि रुपयाची आधीच निवडलेली असते. तिच्याखाली बारीक अक्षरात विनिमय दर आणि कधीकधी मार्जिनची, म्हणजे त्यांच्या नफ्याची, टक्केवारी दिलेली असते. दर नसेल तर रुपयांच्या आकड्याला डॉलरच्या आकड्याने भागा. मग व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या साइटवरचं दर काढायचं कॅल्क्युलेटर उघडा. ते कुणालाही खुलं आहे. तिथे तारीख, दोन्ही चलनं, रक्कम आणि बँकेची फी भरायची असते. फीच्या रकान्यात 3.5 नका लिहू, 4.13 लिहा. येणारा आकडा आणि दुकानाचा रुपयांचा आकडा शेजारी ठेवा. दुकानाच्या आकड्यात बँकेचे 1.18 टक्के मिळवायला विसरू नका.

काही दुकानांत ही चौकट शेवटी येतच नाही, कारण साइट भारतातून उघडली की पहिल्या पानापासून किमती रुपयांतच दिसतात. शॉपिफाय या ऑनलाइन दुकानं उभारून देणाऱ्या सेवेवर चालणाऱ्या दुकानांत हे सर्रास होतं. तिथे दुकानदार दर आपोआप बदलता ठेवू शकतो किंवा हाताने पक्का करून ठेवू शकतो, शिवाय रूपांतराचं शुल्क किमतीत मिसळतं आणि आकडा वरच्या बाजूला गोल करायचीही सोय असते. पानाच्या तळाशी देश आणि चलन बदलायची यादी असते. एकदा डॉलर करून मूळ किंमत बघून घ्या. पेपाल या ऑनलाइन पेमेंट सेवेने भरत असाल तर तिथे रूपांतर पेपालच करायला बसलेलं असतं. पैसे भरण्याआधी चलनाच्या पर्यायांत जाऊन ‘विक्रेत्याच्या चलनात बिल’ निवडावं लागतं, मग रूपांतर कार्डाकडे जातं.

‘दर लॉक होतो’ हे मात्र अर्धं खरं. रुपये निवडले तर कळवलेलाच आकडा कापला जातो. डॉलरमध्ये भरलं की एसएमएसमध्ये येते ती अंदाजी रक्कम; पक्का दर दोन-तीन दिवसांनी व्यवहार खात्यावर चढतो तेव्हाचा लागू शकतो. पण दोन-तीन दिवसांत रुपया साधारणपणे काही पैशांनी हलतो. त्या पैशांच्या भीतीने पाच टक्के देणं म्हणजे शंभर रुपयांच्या छत्रीसाठी पाचशेचा विमा. आणि वस्तू रवाना होताना पैसे कापणारी दुकानंही बरीच आहेत. तिथे एका ऑर्डरची तीन पार्सलं झाली तर तीन वेगवेगळे दर लागू शकतात, पानावर काहीही दिसलेलं असो.

रुपया पडतोय, आत्ताच घ्या

कुणासमोर पडतोय? मेसेज लिहिणाऱ्याला जगात डॉलर सोडून दुसरं चलन असतं याचा पत्ता नाही. 2020 च्या अखेरीला डॉलर 73-74 रुपयांना होता आणि 100 येन साधारण 70 रुपयांना. जुलै 2024 च्या सुरुवातीला डॉलर 83 च्या वर पोचला होता, म्हणजे ‘रुपया पडला’. पण येन डॉलरमागे 160 च्या पलीकडे कोसळला होता, त्यामुळे 100 येन 52 रुपयांच्या आसपास मिळत होते. जपानी फाउंटन पेन, कॅमेऱ्याच्या जुन्या लेन्स मागवणाऱ्यांनी त्याच काळात स्वस्तात हात धुऊन घेतले. ब्रिटनचंही तसंच. सप्टेंबर 2022 मध्ये रुपयाने डॉलरसमोर नवा नीचांक गाठला, आणि त्याच आठवड्यात पौंड डॉलरसमोर 1.03 पर्यंत घसरला. वर्षाच्या सुरुवातीला शंभरीच्या घरात असलेला पौंड तेव्हा 87-88 रुपयांवर आला होता. ब्रिटिश साइटवर त्या दिवशी ‘रुपया पडतोय’ म्हणून घाबरणारा माणूस चुकीच्या तक्त्याकडे बघत होता.

शिवाय ब्रिटिश दुकान भारतात माल पाठवताना तिथला 20 टक्के व्हॅट बहुतेक वेळा वजा करतं, म्हणजे किंमत 1.2 ने भागली जाते. काही दुकानं तो वजा करतच नाहीत. पत्ता भारताचा टाकल्यावर एकूण रक्कम उतरली का हे आधी बघा. एवढी उलथापालथ विनिमय दरात व्हायला वर्ष जातं.

गिफ्ट लिहा, कस्टम टाळा

हा मुद्दा चुकीचा आहेच, वर माणसाला अडचणीत आणणारा आहे. अशी सवलत एकेकाळी होती. चिनी साइटवरून विकत घेतलेला माल ‘गिफ्ट’च्या नावाने सुटी पार्सलं करून येऊ लागला, तेव्हा विदेश व्यापार महासंचालनालयाने 12 डिसेंबर 2019 ला अधिसूचना काढून ती वाटच बंद केली. टपालाने किंवा कुरिअरने येणारा, ई-कॉमर्स पोर्टलवरून घेतलेलाही माल, ‘भेट’ म्हणून शुल्क न भरता सोडवायला बंदी आहे. अपवाद दोनच: जीवरक्षक औषधं आणि राखी. राखीसोबत पाठवलेली भेटवस्तू त्या अपवादात नाही, हेही अधिसूचनेत स्पष्ट आहे. पूर्ण शुल्क भरून भेट खुशाल मागवा. म्हणजे पार्सलवर ‘गिफ्ट’ लिहून मिळतं काय? काही नाही. उलट विक्रेत्याने किंमतही कमी लिहिली तर सीमाशुल्क कायद्याच्या कलम 111 खाली माल जप्त होऊ शकतो आणि दंड वेगळा. तो दंड मेसेज लिहिणारा भरायला येत नाही.

आणि विनिमय दराचा कस्टमशी संबंध आहे, पण मेसेजला वाटतो तसा नाही. कस्टम गूगलचा दर घेत नाही आणि तुमच्या कार्डाचाही नाही. केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळ महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या गुरुवारी आयात-निर्यातीचे वेगवेगळे दर जाहीर करतं, ते दुसऱ्या दिवसापासून लागू होतात. जुलै 2024 पासून ते सीमाशुल्काच्या आइसगेट पोर्टलवर बघायला मिळतात. पार्सलची कागदपत्रं कस्टमसमोर येतील तेव्हा जो दर लागू असेल तो तुमचा. त्यामुळे 88 ने पैसे भरले आणि शुल्काचा हिशोब 90 ने झाला, असं घडतं, आणि त्यात कुणी लबाडी केलेली नसते.

फरक किती पडतो? शुल्काचा दर वस्तूप्रमाणे बदलतो. हिशोबापुरता सगळा मिळून 40 टक्के धरू. 150 डॉलरची वस्तू, 35 डॉलर पोचवणावळ. दर एक रुपयाने वाढला तर शुल्क वाढतं 74 रुपयांनी. पण शुल्क वस्तूच्या किमतीवरच नव्हे, पोचवणावळ आणि विम्यासकट लागतं. त्या 35 डॉलरवरच दर 90 धरून 1,260 रुपये शुल्क बसतं. लोक दराचा तक्ता बघत रात्र जागवतात आणि महागडं एक्स्प्रेस शिपिंग डोळे झाकून निवडतात. टपालाने आलेलं पार्सल मुंबईत बॅलार्ड इस्टेटच्या परदेशी टपाल कार्यालयातून गेलं तर शुल्क पोस्टमन दारात घेतो. कुरिअर कंपनी ते आधी स्वतः भरते आणि त्या उपकाराची वेगळी फी लावते. ती ऑर्डरआधी विचारून घ्या. ॲमेझॉनच्या अमेरिकन साइटवर आयात शुल्काची अनामत आधीच कापतात आणि प्रत्यक्ष शुल्क कमी निघालं तर उरलेली रक्कम परत करतात.

उरलेलं भरभर

गूगलचा दर हा बाजारातल्या खरेदी-विक्रीच्या मधला दर. त्या दराने सामान्य माणसाला कुणी डॉलर देत नाही. मार्कअप तुमच्या कार्डाच्या शुल्कपत्रकात लिहिलेला असतो, त्यामुळे तक्रार करून फरक परत मिळत नाही. शुल्कपत्रकापेक्षा जास्त लावला असेल तरच तक्रारीला अर्थ आहे.

परताव्यातून कमाई? 120 डॉलरचे बूट 89 च्या दराने घेतले: 10,680, अधिक 441 मार्कअप-जीएसटी, एकूण 11,121. परत केले तेव्हा दर 91 झालेला: 10,920 आले. रुपया दोन रुपयांनी घसरूनही 201 रुपये खिशातून गेले, कारण मार्कअप पुष्कळ बँका परत देत नाहीत. नुसती बरोबरी व्हायला दर 92.68 व्हावा लागेल, तोही परताव्याच्या दोन-चार आठवड्यांत. परतीचं कुरिअर यात धरलेलंच नाही.

मेसेजच्या शेपटाला कुणीतरी ‘20 टक्के टीसीएस लागतो, सावधान’ असंही जोडलं आहे. टीसीएस म्हणजे परदेशी पैसे पाठवताना आगाऊ कापला जाणारा कर. त्याची मर्यादा 1 एप्रिल 2025 पासून वर्षाला 10 लाख रुपये आहे, आधी 7 लाख होती. बुटांच्या जोडीवर तो लागत नाही.

राहिलं इंटरनॅशनल बटण. 16 मार्च 2020 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नवी कार्डं देशांतर्गत वापरापुरतीच चालू करून मिळतात. परदेशी ऑनलाइन वापर ग्राहकाने स्वतः सुरू करायचा. कारण पुष्कळ परदेशी साइट ओटीपी मागत नाहीत; कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे मिळाले की पैसे गेले. बटण खरेदीपुरतं चालू करा, त्याची मर्यादा बिलापेक्षा सात-आठ टक्के जास्त ठेवा, नाहीतर दर थोडा चढला तरी व्यवहार नाकारला जातो. मात्र वस्तू रवाना होताना पैसे कापणारं दुकान असेल तर ऑर्डर दिल्या दिल्या बटण बंद करू नका, पैसे कापले जाणार नाहीत आणि ऑर्डर अडकेल. रवाना झाल्याचा ईमेल आणि बँकेचा मेसेज दोन्ही आले, की मग बंद करा.