कपाटं रिकामी करायच्या आधी कायदा तरी वाचा

“वाचनालये इतिहासजमा! जगातली सगळी पुस्तके मोबाईलवर मोफत. जुनी पुस्तके एकदा स्कॅन करा, रद्दीत घाला, इमारत भाड्याने द्या. नाहीतरी तिथे जातंय कोण? माहिती हवी तर एआयला विचारा, ग्रंथपालाला पगार कशाला?” खाली जोडलेले हात आणि ‘जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा’ची आज्ञा.

सांगली-मिरजेच्या ग्रुपांवर हे बरेच दिवस फिरतंय. सोडूनही दिलं असतं. पण तासगाव तालुक्यातल्या आमच्या गावी वाचनालयाच्या कार्यकारिणीवर माझी आत्या आहे. तिचा फोन आला, “कपाटं मोकळी करायचा ठराव आणायचा म्हणत्यात. खरं असतंय का रं हे?”

नाही आत्या. आणि रद्दीवाल्याला अजून बोलावू नका.

सगळ्यात घातक मुद्दा हाच, म्हणून आधी तोच घेतो. स्कॅन करा आणि रद्दीत घाला. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ काढून बघा. २०१२ च्या दुरुस्तीनं त्यात ग्रंथालयांसाठी एक मुभा आली. नफा न कमावणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाला पुस्तकाची इलेक्ट्रॉनिक प्रत जतनासाठी साठवता येते, पण त्या पुस्तकाची कागदी प्रत त्याच्याकडे आधीपासून असेल तरच. म्हणजे कपाटातलं पुस्तक आहे म्हणून स्कॅनला परवानगी आहे. हे निघालेत ते कपाटच विकायला. बसल्या फांदीवर कुऱ्हाड, दुसरं काय? शिवाय मुभा जतनासाठी आहे, ग्रुपवर वाटण्यासाठी नाही.

बरं, स्कॅन म्हणजे काय हे तरी यांना माहीत आहे का? कुणाच्या तरी पोराला मोबाईल देऊन बसवायचं, एवढीच कल्पना. जाड बांधणीचं जुनं पुस्तक पुरतं उघडत नाही. शिवणीजवळचं अक्षर सावलीत जातं आणि प्रत्येक ओळीचा एक शब्द गायब होतो. जुन्या खिळ्यांच्या छपाईतली जोडाक्षरं मशीनला धड वाचता येत नाहीत, त्यामुळे शोध घेतला तर सापडत काहीच नाही. आणि शेवटी हातात येतात हजारो फोटो, नावाच्या जागी नुसते आकडे. कुठलं पान कुठल्या पुस्तकाचं, लेखक कोण, आवृत्ती कितवी, दाखल क्रमांक काय, हे लिहायचं कुणी? ते काम ग्रंथपालाचं, म्हणजे ज्याचा पगार बंद करायचा म्हणताय त्याचंच.

‘एकदा स्कॅन केलं की अमर’ हेही खोटं. ऑक्टोबर २०२३ मध्ये लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला. तिची ऑनलाइन सूचीसुद्धा जानेवारी २०२४ पर्यंत बंद होती. तिथली ही गत, तर आपल्या गावच्या वाचनालयाची ती एकुलती हार्डडिस्क किती दिवस टिकणार?

आता एक गोष्ट कबूल करावी लागते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा धोक्याची ४५ फुटांची पातळी ओलांडून ५७ फुटांपर्यंत गेली, तेव्हा सांगलीच्या जिल्हा नगर वाचनालयातली दुर्मीळ पुस्तकंसुद्धा पाण्यात गेली. भिजलेलं पुस्तक ज्यानं हातात घेतलंय त्याला ठाऊक आहे. कागद फुगतो, पुठ्ठा सुटतो, गुळगुळीत पानं एकमेकांना अशी चिकटतात की उलटायला गेलं तर छपाईच सोलून निघते. त्यातल्या दुर्मीळ पुस्तकांचं स्कॅनिंग आधी झालं असतं तर मजकूर तरी हाती राहिला असता. हे म्हणणं मान्य. पण त्यातून निघतो तो स्कॅनरला पैसे देण्याचा ठराव. रद्दीचा कुठून निघाला?

‘सगळी पुस्तके मोफत’ याचा निकालही तोच कायदा लावतो. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचं लेखन आता खुलं आहे, खुशाल उतरवून घ्या. वि. स. खांडेकर आपल्या सांगलीत जन्मले, १९७६ मध्ये गेले. त्यांच्या पुस्तकांवर २०३६ अखेरपर्यंत हक्क आहे. वारसांना न विचारता ग्रुपवर त्यांची पीडीएफ टाकणं ही चोरी, वर ‘वाचनसंस्कृती जपा’ असं लिहिलं तरी. हयात लेखकांचं तर बोलायलाच नको.

हो, मराठी विश्वकोश फोनवर फुकट आहे आणि मीही तिथेच बघतो. पण तो काही आकाशातून पडला नाही. वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या हाताखाली माणसं संदर्भग्रंथ उपसत बसली, तेव्हा कुठे १९७६ मध्ये पहिला खंड निघाला.

तिथे जातंय कोण, म्हणे. सकाळी कुठल्याही तालुक्याच्या अभ्यासिकेत डोकावा. स्पर्धा परीक्षेची पोरं फोनवरच व्हिडिओ लावून बसलेली असतात, पण बसायला त्यांना तीच खोली लागते. घरी दोन खोल्यांत टीव्ही, पाहुणे आणि लहान भावंडं. प्लगजवळच्या खुर्चीवरून भांडणं होतात. कादंबऱ्यांची देवघेव कमी झाली हे खरं आहे, ते नाकारत नाही. पण फुकटचं जिओ आलं सप्टेंबर २०१६ मध्ये, आणि भिलारचं पुस्तकांचं गाव सुरू झालं ते त्यानंतर, मे २०१७ मध्ये.

एआयबद्दल फार लिहीत नाही. ते नसलेल्या पुस्तकाचं नाव, प्रकाशक आणि सालसुद्धा ठणकावून सांगतं. खात्री करायला शेवटी सूचीच उघडावी लागते.

राहिला ठराव. आत्याला सांगितलंय, रद्दीच्या जागी हे दोन मुद्दे मांड: जी पुस्तकं आता कुठेच मिळत नाहीत त्यांची आधी यादी करायची, आणि अभ्यासिकेत आणखी चार प्लग बसवायचे.