सवय शरीराला होत नाही, बदलतात ते जंतू

‘वारंवार अँटिबायोटिक घेतल्याने शरीराला त्याची सवय होते’ हे अँटिबायोटिकवरच्या तुमच्या लेखातलं वाक्य कृपया दुरुस्त करा. सवय शरीराला होत नाही, बदलतात ते जंतू. असं वाचलं की ‘मी तर कधी गोळ्या घेतच नाही, मला काय धोका?’ असंच कुणालाही वाटणार. माझी आई अशीच, सर्दी-तापाला काढा घेणारी. दोन वर्षांपूर्वी तिला लघवीचं इन्फेक्शन झालं. कल्चरचा, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून त्यांच्यावर कोणतं औषध चालतं ते पाहणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट हातात आला तेव्हा औषधांच्या नावांपुढे ओळीने आर, आर, आर, म्हणजे रेझिस्टंट, औषध चालणार नाही. एस, म्हणजे चालेल, फक्त चार ठिकाणी, आणि तीही बहुतेक इंजेक्शनं. खाली जंतूचं नाव लिहिलं होतं : ई. कोलाय, ईएसबीएल पॉझिटिव्ह.

याचा अर्थ डॉक्टरांनी समजावला तो लेखात यायला हवा होता. पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन गटातली औषधं जंतूला त्याची पेशीभित्तिका नीट बांधू देत नाहीत, त्यामुळे तो फुटून मरतो. या औषधांच्या रेणूत चार अणूंचं एक कडं असतं, सगळी ताकद त्यात. ईएसबीएल हे जंतूचं विकर (एन्झाइम) नेमकं तेच कडं तोडतं. आणि हे विकर बनवण्याचं जनुक बहुधा प्लाझ्मिडवर, म्हणजे जंतूतल्या डीएनएच्या सुट्या छोट्या कड्यावर असतं, त्यामुळे ते एका जंतूकडून दुसऱ्याकडे, अगदी ई. कोलायकडून क्लेबसिएला या वेगळ्या जातीच्या जंतूकडेही जाऊ शकतं. गोळ्या कुणीतरी खाल्लेल्या असतात, त्यातून तगलेला जंतू पाण्यातून, हातातून तिसऱ्याच्याच पोटात जातो. आईला सात दिवस सकाळ-संध्याकाळ सलाईनमधून औषध द्यावं लागलं, हातावर शीर सापडेना.