म्हातारी खाली रिक्षात बसली आहे

गणपतीत चाकरमानी गावी आले की माझ्या टेबलावर कुलमुखत्यारपत्रांचा, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार दुसऱ्याला देणाऱ्या कागदांचा, ढीग लागतो. सातबारावर पंधरा-वीस नावं, निम्मी मुंबईत, म्हणून सगळ्यांच्या सह्या याच आठ दिवसांत उरकायच्या असतात. मी राजापुरात नोटरी आहे. घाई मला समजते.

गेल्या वर्षी एक पुतण्या आत्याच्या अंगठ्यासकट तयार कागद घेऊन आला. "वकीलसाहेब, तिला जिने चढवत नाहीत, खाली रिक्षात बसली आहे. तुम्ही फक्त शिक्का मारा." मी रजिस्टर घेऊन खाली गेलो. विचारलं, "आत्या, कागद कसला आहे?" ती म्हणाली, "घरपट्टीचा ना?"

कागदात आंब्याच्या कलमांच्या बागेतला तिचा हिस्सा विकण्याचे अधिकार होते. मी तिथेच, रिक्षाजवळ उभं राहून, तिला ओळ न् ओळ वाचून दाखवली. तिने अंगठा आपला नाही असं म्हटलं नाही. फक्त "हे मला नको" म्हणाली. मी शिक्का मारला नाही. पुतण्या आजही माझ्याशी बोलत नाही.

लोकांना वाटतं नोटरी म्हणजे शिक्क्याचे पैसे. पण नोटरीसमोर झालेलं आणि त्याने प्रमाणित केलेलं मुखत्यारपत्र कोर्ट आधी खरं मानूनच चालतं. जुन्या पुरावा कायद्याचं कलम ८५, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं ८४. म्हणजे माझा शिक्का बसला असता तर तो खोटा ठरवण्यासाठी त्या बाईलाच कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या असत्या. कोकणात सामायिक जमिनीचे दावे किती वर्षं चालतात हे इथे कुणाला सांगायला नको.

म्हणून सही करणारा समोर नसेल तर नाही. रकाने कोरे असतील तर नाही. समोर बसूनही कागद कसला ते सांगता येत नसेल, तर अजिबात नाही, मग आणणारा माझा सख्खा भाऊ का असेना. आणि "नोटरी करून जमीन घेतो" म्हणणाऱ्यांनाही मी परत पाठवतो. शंभर रुपयांच्या वरची जमीन नोंदणीकृत खरेदीखताशिवाय कुणाच्या नावावर होत नाही, हे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात लिहिलेलं आहे.

यंदाही गर्दी होईल. घरात कुणी अंथरुणावर असेल तर मला आदल्या दिवशी निरोप द्या. रजिस्टर आणि शिक्का घेऊन मी घरी येईन, जाण्यायेण्याचे पैसे घेणार नाही. फक्त ज्याची सही आहे त्याच्याशी दहा मिनिटं एकट्याशी बोलू द्या.