रॉक अँड रोलला जन्मतारीख चिकटवताना

दर वर्षी जुलै उजाडला की एक मजकूर न चुकता हातोहात फिरू लागतो. त्याचा आशय असा : ५ जुलै १९५४ रोजी मेम्फिस शहरात एल्विस प्रेस्ली नावाच्या एकोणीस वर्षांच्या ट्रकचालकाने एक गाणे मुद्रित केले आणि रॉक अँड रोलचा जन्म झाला, ॲलन फ्रीड या रेडिओ निवेदकाने त्याला नाव घडवून दिले, हे संगीत म्हणजे काळ्यांचा ब्लूज अधिक गोऱ्यांचे कंट्री, आणि एल्विसच्या आधी गोऱ्या मुलांच्या कानांवर काळ्यांचे संगीत पडतच नव्हते. याच मजकुराची एक उलटी आवृत्तीही आहे. तिच्यात एल्विस हा जनक नसून चोर असतो.

यातला प्रत्येक दावा कुठल्या ना कुठल्या खऱ्या घटनेच्या आधाराने उभा आहे आणि म्हणूनच तो लोकांना पटतो. त्यामुळे एकेक दावा हाती घेऊन, त्यातले खरे किती आणि वरून चढवलेले किती, हे पाहणे भाग आहे.

पहिला दावा तारखेचा. त्या संध्याकाळी युनियन ॲव्हेन्यूवरच्या ७०६ क्रमांकाच्या छोट्याशा स्टुडिओत एल्विस, गिटारवादक स्कॉटी मूर आणि बासवादक बिल ब्लॅक या तिघांनी ‘दॅट्स ऑल राइट’ हे गाणे मुद्रित केले, याबद्दल वाद नाही. मात्र ते गाणे आर्थर ‘बिग बॉय’ क्रूडप या मिसिसिपीतल्या काळ्या गायकाचे होते आणि त्याने ते १९४६ मध्ये शिकागोत मुद्रित केले होते. त्याच्या काही शब्दांचा माग तर ब्लाइंड लेमन जेफरसनच्या १९२६ च्या तबकडीपर्यंत जातो. ज्यांना तारखेची खात्री वाटते, त्यांनी क्रूडपचे आणि एल्विसचे मुद्रण एकदा लागोपाठ ऐकावे. क्रूडपच्या साथीला उभा बास आहे आणि ड्रमही आहेत. एल्विसच्या तबकडीत ड्रम नाहीतच. बिल ब्लॅक बासच्या तारा ओढून सोडतो, त्या लाकडी पट्टीवर आदळतात आणि त्या खटक्यावर सगळा ठेका पेलला जातो. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर ड्रमचा दणका ही ज्या संगीताची ओळख सांगितली जाते, त्याच्या तथाकथित पहिल्या तबकडीवर ड्रम वाजवणारा माणूसच नसावा, ही गंमत या मजकुरात कधी येत नाही. एल्विसने त्या गाण्यात काही केलेच नाही असे मात्र नव्हे. क्रूडप जड पावलांनी चालतो, तर हा पोरगा पायऱ्या उड्या मारत उतरल्यासारखा गातो. आवाज वरच्या पट्टीत, मोकळा आणि बेफिकीर. त्याच तबकडीच्या दुसऱ्या बाजूला त्याने बिल मनरोचे संथ चालीचे ब्लूग्रास, म्हणजे कंट्रीच्याच एका शाखेतले गाणे तसेच उधळवले. यातले नवेपण खरे आहे, पण ते घराण्यातल्या नव्या गायकाचे नवेपण आहे आणि घराणे त्याच्या आधीपासून नांदते होते.

त्या तबकडीने त्या वर्षी देश हलवला, हेही खरे नाही. तिचा खप मेम्फिस आणि आसपासच्या दक्षिणेकडच्या भागापुरता, काही हजारांतला होता. देशव्यापी याद्यांत ती आलीच नाही. एल्विसचे नाव घराघरांत पोहोचले ते १९५६ मध्ये, म्हणजे आदल्या नोव्हेंबरात आरसीए कंपनीने ३५,००० डॉलर मोजून त्याचा करार विकत घेतल्यानंतर.

आता त्याच खोलीत, स्टुडिओचा मालक सॅम फिलिप्स याच्याच देखरेखीखाली तीन वर्षे आधी काय झाले ते पाहू. मार्च १९५१ मध्ये आइक टर्नरचा वाद्यवृंद मिसिसिपीतून मोटारीने मेम्फिसला आला. वाटेत गिटारचा ॲम्प्लिफायर बिघडला आणि त्याचा स्पीकर फाटला. दुरुस्तीला वेळ नव्हता म्हणून फाटलेल्या जागी कागद कोंबला गेला आणि त्यातून निघालेला खरखरीत, चिरका स्वर फिलिप्सला इतका आवडला की त्याने तो झाकण्याऐवजी पुढे आणला. ‘रॉकेट ८८’ या नावाने शिकागोच्या चेस कंपनीने ते मुद्रण विकले. तबकडीवर नाव लागले गायक जॅकी ब्रेन्स्टनचे, आणि सोबत ‘डेल्टा कॅट्स’ नावाच्या, प्रत्यक्षात अस्तित्वात नसलेल्या वाद्यवृंदाचे. ऱ्हिदम अँड ब्लूजच्या, म्हणजे काळ्या कलावंतांच्या तबकड्यांच्या यादीत ती तबकडी पहिल्या क्रमांकावर पोहोचली. मग १९५१ हीच खरी जन्मतारीख मानावी का? तसे म्हणायला मी तयार नाही, कारण ब्रेन्स्टनने ते गाणे जिमी लिगिन्सच्या ‘कॅडिलॅक बूगी’वर बेतले होते. त्याआधी, डिसेंबर १९४९ मध्ये, न्यू ऑर्लिन्समध्ये फॅट्स डॉमिनोने ‘द फॅट मॅन’ मुद्रित केले होते आणि त्यात ड्रमवादक अर्ल पामरने गाणेभर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर आघात धरला होता. त्याच्याही आधी रॉय ब्राउन आणि वायनोनी हॅरिस यांचे ‘गुड रॉकिन टुनाइट’ होते, जे एल्विसने फिलिप्सच्या सन कंपनीतल्या आपल्या दुसऱ्याच तबकडीसाठी उचलले. प्रत्येक ‘पहिल्या’च्या मागे आणखी एक पहिला उभा असतो, तारीख ठरवणाऱ्याने कुठे थांबायचे हे गाण्यावरून ठरत नाही, थांबणाऱ्याच्या सोयीवरून ठरते.

दुसरा दावा नावाचा. ‘रॉक’ आणि ‘रोल’ हे शब्द काळ्या अमेरिकेत पिढ्यानपिढ्या वापरात होते; त्यांना नाचाचा अर्थ होता, शय्येचा होता आणि चर्चमधल्या भक्तीच्या आवेशाचाही होता. ट्रिक्सी स्मिथने १९२२ मध्ये गायलेल्या एका ब्लूजच्या शीर्षकातच हे दोन्ही शब्द आहेत, ते अर्थातच चर्चच्या अर्थाने नव्हेत. बॉझवेल भगिनींनी १९३४ मध्ये ‘रॉक अँड रोल’ याच नावाचे गाणे म्हटले होते, तेव्हा फ्रीड शाळेत असावा एवढ्या वयाचा होता. १९४२ मध्ये ‘बिलबोर्ड’ या संगीत-व्यवसायाच्या साप्ताहिकाच्या एका समीक्षकाने सिस्टर रोझेटा थार्पच्या गायनाचे वर्णन करताना हाच शब्दप्रयोग केला. फ्रीडने शब्द घडवला नाही. त्याने तो वेगळ्या गिऱ्हाइकासमोर मांडला, आणि तेही काहीसे नाइलाजाने. क्लीव्हलंडमध्ये १९५१ पासून तो स्वतःला ‘मूनडॉग’ म्हणवून घेत रात्रीचा कार्यक्रम करत असे. १९५४ मध्ये तो न्यूयॉर्कला गेला, तेव्हा त्याच नावाने रस्त्यावर वादन करणाऱ्या एका दृष्टिहीन संगीतकाराने त्याला न्यायालयात खेचले आणि फ्रीडला ते नाव सोडावे लागले. त्यानंतर त्याच्या कार्यक्रमाचे नाव ‘रॉक अँड रोल पार्टी’ असे झाले.

नावाच्या बदलात मला खरी गोष्ट दिसते ती ही. १९४९ पर्यंत ‘बिलबोर्ड’ काळ्या कलावंतांच्या तबकड्यांची यादी ‘रेस रेकॉर्ड्स’ या शीर्षकाखाली छापत असे. त्या वर्षीच्या जूनमध्ये तिथल्याच जेरी वेक्सलर या वार्ताहराच्या सूचनेवरून ते शीर्षक ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ झाले. पुढच्या पाच-सहा वर्षांत त्याच यादीतली तीच तबकडी गोरा मुलगा विकत घेऊ लागला की तिला रॉक अँड रोल म्हटले जाऊ लागले. आपण न्यू ऑर्लिन्समध्ये वर्षानुवर्षे वाजवत आलो तो ऱ्हिदम अँड ब्लूजच आता नव्या नावाने ओळखला जातो आहे, असे फॅट्स डॉमिनो सांगत असे, आणि त्याच्या तबकड्या ऐकल्यावर त्याचे म्हणणे खोडणे कठीण जाते. त्या वर्षांत जन्माला आले ते मुख्यतः एक गिऱ्हाईक.

तिसरा दावा बेरजेचा, म्हणजे ब्लूज अधिक कंट्री. या बेरजेत दोन मोठे आकडे गळाले आहेत. पहिला आकडा जंप ब्लूजचा. युद्धकाळात स्विंग, म्हणजे नाचाचे जॅझ, वाजवणारे मोठे वाद्यवृंद पोसणे परवडेनासे झाले. पेट्रोल आणि टायर यांच्यावर नियंत्रण आले. १९४२ मध्ये वादकांच्या संघटनेने मुद्रणावर बहिष्कार घातला. आणि तबकड्या ज्या शेलॅकच्या बनत ते शेलॅक, म्हणजे आपल्याकडची लाख, भारतातून यायचे कठीण झाले. अशा काळात पाच-सात वादकांचे, सॅक्सोफोन पुढे ठेवून बूगीचा ठेका धरणारे छोटे ताफे तगले. त्यांचा म्होरक्या लुई जॉर्डन. (स्विंगच्या या वाऱ्याची झुळूक मुंबईतही आली होती : सी. रामचंद्र यांच्या ‘अलबेला’त, १९५१ मध्ये, मूळचे गोव्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट आपल्या ताफ्यासह पडद्यावर दिसतात.) जॉर्डनच्या गाजलेल्या तबकड्या डेका कंपनीत मिल्ट गॅबलरने करून घेतल्या होत्या. त्याच गॅबलरने १२ एप्रिल १९५४ रोजी, म्हणजे एल्विसच्या त्या संध्याकाळच्या तीन महिने आधी, न्यूयॉर्कमध्ये बिल हेली या गोऱ्या गायकाकडून ‘रॉक अराउंड द क्लॉक’ मुद्रित करून घेतले. जॉर्डनच्या तबकड्यांतले स्वरतुकडे आपण हेलीच्या वादकांना गुणगुणून दाखवत होतो, असे गॅबलरने पुढे स्वतःच सांगितले आहे. ते गाणे आधी विशेष चालले नाही. १९५५ मध्ये एका चित्रपटाच्या श्रेयनामावलीवर वाजले आणि मग सलग आठ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले.

दुसरा गळालेला आकडा चर्चचा, आणि तो सिस्टर रोझेटा थार्पच्या रूपाने पाहावा. अर्कान्सामधल्या कॉटन प्लांट या गावी १९१५ मध्ये जन्मलेली ही बाई लहानपणापासून पेंटेकोस्टल चर्चमध्ये आईबरोबर गात-वाजवत वाढली. १९३८ मध्ये तिने डेकासाठी मुद्रणे केली आणि पुढे इलेक्ट्रिक गिटार हाती घेतली. ‘स्ट्रेंज थिंग्ज हॅपनिंग एव्हरी डे’ हे तिचे भजन १९४५ मध्ये ‘रेस’ यादीत वर चढले. पियानोवर सॅमी प्राइसचा बूगी आणि त्यावर तिची गिटार. शब्द देवाचे असले तरी पाय थांबत नाहीत. १९६४ मध्ये मँचेस्टरमधल्या एका बंद पडलेल्या रेल्वे स्थानकावर ब्रिटिश दूरचित्रवाणीने तिचा कार्यक्रम चित्रित केला, त्याची फीत आजही पाहता येते. पाऊस पडतो आहे, रुळांच्या पलीकडच्या फलाटावर तरुण मुले बसली आहेत, आणि लांब कोट घातलेली पन्नाशीला टेकलेली बाई गिटार गळ्यात अडकवून जे वाजवते, ते पाहिल्यावर गिटारचा तो उसळता बाज पुरुषांनी पन्नासच्या दशकात शोधला असे म्हणायला जीभ रेटत नाही. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने तिला मान दिला तो २०१८ मध्ये, तिच्या मृत्यूनंतर पंचेचाळीस वर्षांनी. कंट्रीचा वाटा मात्र मी नाकारत नाही. चक बेरी या काळ्या गायक-गिटारवादकाचे ‘मेबलीन’ हे बॉब विल्सने गाजवलेल्या ‘आयडा रेड’ या कंट्री धुनेवरून निघाले आहे, म्हणजे देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी चालू होती.

चौथा दावा, गोऱ्या मुलांच्या कानांवर काळ्यांचे संगीत पडतच नव्हते हा, थोडक्यात निकालात निघतो. दूरचित्रवाणी आल्यावर मोठे जाहिरातदार रेडिओ सोडून गेले आणि स्थानिक केंद्रांना स्वस्तात वेळ भरून काढण्यासाठी तबकड्यांचा आधार घ्यावा लागला. मेम्फिसच्या डब्ल्यूडीआयए केंद्राने १९४८ मध्ये काळ्या श्रोत्यांसाठी कार्यक्रम सुरू केले आणि लवकरच सगळा वेळ त्यांनाच दिला. ‘फक्त गोऱ्यांसाठी’ हे फलक उपाहारगृहांच्या दारांवर होते. ध्वनिलहरींना ते वाचता येत नव्हते. क्लीव्हलंडचा दुकानदार लिओ मिंट्झ याने १९५१ मध्ये फ्रीडला हे संगीत वाजवायला सुचवले, ते आपल्या दुकानात गोरी मुले याच तबकड्या मागतात हे पाहूनच. १९५४ च्या उन्हाळ्यात ‘द कॉर्ड्स’ या काळ्या गायकांचे ‘शबूम’ सर्वसाधारण यादीत पहिल्या दहांत गेले होते. अडसर होता तो बाजाराच्या रचनेत : त्याच ‘शबूम’ची गोऱ्या गायकांनी केलेली प्रत पहिल्या क्रमांकावर गेली, आणि पुढच्या वर्षी फॅट्स डॉमिनोचे ‘एन्ट दॅट अ शेम’ गोऱ्या पॅट बूनने म्हटले तेव्हाही तेच घडले.

राहता राहिला चोरीचा आरोप. याचे नेहमीचे उदाहरण म्हणजे ‘हाउंड डॉग’. बिग मामा थॉर्नटनने ते १९५२ मध्ये मुद्रित केले, दुसऱ्या वर्षी ऱ्हिदम अँड ब्लूजच्या यादीत ते सात आठवडे अग्रस्थानी होते, आणि १९५६ मध्ये एल्विसने ते जगभर नेले. पण हे गाणे तिच्यासाठी लिहिले जेरी लीबर आणि माइक स्टोलर या जेमतेम एकोणीस वर्षांच्या दोन ज्यू मुलांनी, आणि एल्विसने ते उचलले तिच्याकडून नव्हे, तर लास व्हेगासमध्ये ऐकलेल्या फ्रेडी बेलच्या विनोदी आवृत्तीवरून. शिवाय एल्विसने ऋण लपवले नाही. १९५६ मध्ये शार्लट शहरातल्या एका वार्ताहराला त्याने क्रूडपचे नाव घेऊन सांगितले होते की आपण जे करतो ते काळी माणसे वर्षानुवर्षे करत आली आहेत. गाणे एकाने म्हणावे, दुसऱ्याने आपल्या ढंगात म्हणावे, ही ब्लूजची रीतच आहे. क्रूडपनेही ती पाळली होती.

चोरी झाली ती हिशेबाच्या वह्यांत. क्रूडपची गाणी एल्विसने तीनदा मुद्रित केली, तरी क्रूडपला मजुरी करून पोट भरावे लागले आणि हक्काचे पैसे पुरते न मिळताच १९७४ मध्ये तो वारला. चक बेरीने मे १९५५ मध्ये ‘मेबलीन’ मुद्रित केले, तेव्हा चेस कंपनीने त्याच्या नावाशेजारी आणखी दोन नावे गीतकार म्हणून नोंदवली : एक कंपनीशी व्यवहार असलेल्या रस फ्राटो याचे आणि दुसरे, या संगीताला नाव देणारा म्हणून ज्याचे गोडवे गायले जातात त्या ॲलन फ्रीडचे. फ्रीडने गाण्याची एक ओळही लिहिली नव्हती. त्याने ते रेडिओवर वाजवले होते, आणि दर विक्रीमागे त्याचा वाटा निघत राहिला. ती नोंद दुरुस्त होऊन गाणे एकट्या बेरीच्या नावावर आले १९८६ मध्ये. फ्रीडला जाऊन तेव्हा एकवीस वर्षे झाली होती.